फ्लेमिंगो बघायला निघालो आणि बॉनेट रुसलं

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे पावणेसहाला ठाण्यातल्या नौपाड्यातून निघालो. मी, आई आणि मावशी. बेत साधा होता. कळवा पुलावरून ठाणे-बेलापूर रोड, सानपाड्याहून पाम बीच रोड आणि साडेसातच्या आत नेरुळ जेट्टीजवळचं डीपीएस तळं (डीपीएस शाळेजवळचं, म्हणून हे नाव). पहिली सूचना इथेच देतो: जाण्याआधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरायला पांगतात, भरतीचं पाणी चढलं की तळ्यांवर येऊन बसतात. त्या दिवशी भरती सकाळी लवकर होती, म्हणून एवढी घाई.

कोपरखैरणे ओलांडलं आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला (उकडतं, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडते) आणि तुर्भ्याला आतल्या रस्त्यावर गाडी बाजूला घेतली. वाफ दिसत नव्हती. तरी वीस मिनिटं थांबलो. मावशीने तेवढ्यात थर्मास उघडला.

मग बॉनेटचा खटका ओढला. काहीच नाही. नेहमीचा 'टक' आवाज नाही, फट नाही. पुन्हा ओढला, जरा जोरात. तिसऱ्यांदा पाय फूटबोर्डला लावून ओढला आणि प्लॅस्टिकची मूठ माझ्या हातात आली.

"मोडलास?" आई मागून म्हणाली. तिला एवढंच विचारायचं होतं.

खरं तर खटका कडक लागत होता, ढिला नव्हता. हा फरक तेव्हा कळायला हवा होता. खटका ढिला, लोंबता लागला तर खटक्यापासून पुढच्या लॉकपर्यंत जाणारी वायर तुटलेली किंवा निसटलेली असते. ताठ लागला तर वायर शाबूत असते आणि अडकलेलं असतं ते पुढचं लॉक. आमची गाडी अकरा वर्षांची, उभी असते खाडीकडच्या बाजूला, उघड्यावर. पावसाळ्याचा चिखल लॉकमध्ये बसून वाळलेला, वर खाऱ्या हवेचा गंज. बॉनेट शेवटचं कधी उघडलं होतं ते आठवेना.

मी स्क्रूड्रायव्हर बॉनेटच्या फटीत घालणार, एवढ्यात एक रिक्षावाले थांबले. "साहेब, पत्रा वाकेल. खेचू नका, दाबा." त्यांनी दोन्ही तळवे बॉनेटच्या पुढच्या टोकाला, बरोबर मध्यावर ठेवले आणि मला वायर ओढायला सांगितलं. डिकीत पकड होती म्हणून बरं. मोडक्या मुठीमागे वायरचं टोक दिसत होतं, ते पकडीत धरून मी ओढून ठेवलं. त्यांनी बॉनेट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चौथ्या वेळी 'टक'.

गंमत अशी की बॉनेटचा दाब लॉकच्या आकड्यावर असतो, म्हणून तो सरकत नाही. वरून दाबलं की तो भार हलका होतो आणि वायरला जेमतेम ओढ पुरते. म्हणजे हे दोन माणसांचं काम. एकट्याने मी आणखी अर्धा तास ओढत बसलो असतो आणि वायरही घालवली असती. वायर आधीच तुटलेली असेल तर मात्र रस्त्यात खटाटोप नको. गॅरेजवाले खालून किंवा जाळीतून लॉकपर्यंत पोचतात.

फट पडली तरी आतला सुरक्षेचा दुसरा खटका राहतोच. तोही घट्ट झाला होता. बोटांनी चाचपताना पंख्यापासून लांब राहा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक फिरतो.

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली जवळजवळ रिकामी. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरलं. तात्पुरतं चालतं, नंतर कूलंट घालायचंच. बॉनेट बंद करायची मला घाई होती, तर रिक्षावाल्यांनी अडवलं. उघड्या बॉनेटमध्येच स्क्रूड्रायव्हरने लॉकचा आकडा बंद केला, मला वायर ओढायला लावली, आकडा सुटला. असं दोनदा. मगच बॉनेट बंद केलं आणि नीट बसलंय का ते वर उचलून पाहिलं. अर्धवट बसलेलं बॉनेट पाम बीचच्या वेगात उडून काचेवर येतं. पैसे घेतले नाहीत त्यांनी, मावशीचं थालीपीठ घेतलं.

तळ्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पाणी उतरत होतं, बरेचसे पक्षी खाडीकडे निघून गेलेले. पलीकडच्या काठाला चाळीस-पन्नास उरले होते. दुर्बीण न्या, साध्या डोळ्यांना नुसते गुलाबी ठिपके दिसतात.

सोमवारी गॅरेजमध्ये मूठ बदलली, कूलंटची गळकी नळी बदलली, लॉक घासून ग्रीस लावलं. मेकॅनिकने जुनी मूठ परत दिली. ती आता आईने फ्रिजवर ठेवली आहे, मला रोज दिसेल अशी.