तेलाचा माग

दंगलीच्या दुसऱ्या दिवशी सर्वेयरपुढचा पहिला प्रश्न गाडीपर्यंत पोचायचं कसं, हा असतो. जमावबंदी लागलेली, चौकाचौकात बॅरिकेड, इंटरनेट बंद. हल्ली आमचे फोटो कंपनीच्या ॲपवर जागेवरूनच चढवायचे असतात. त्या दिवशी ते शक्यच नव्हतं, म्हणून साधा कॅमेरा, वही आणि नेमणुकीचं पत्र घेऊन निघालो. मी मोटार विम्याचा सर्वेयर आहे, म्हणजे क्लेम आला की गाडीचं नुकसान पाहून त्याचा रिपोर्ट देणारा. नेमणूक विमा कंपनी करते, फी तीच देते, पण परवाना 1938 च्या विमा कायद्याखालचा असतो आणि रिपोर्टवर सही माझी असते. मी कंपनीचा नोकर नाही, हे स्वतःला बजावत राहावं लागतं. त्या दिवशीच्या एका केसमध्ये तर फारच.

यादीत एकाच मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या होत्या. पूर्ण जळालेल्या गाडीची नंबर प्लेट बहुतेकदा वाचण्याजोगी राहत नाही, चॅसिस नंबर शोधावा लागतो. काजळी चिंधीने पुसायची, बॅटरीचा झोत तिरपा धरायचा आणि एकेक अक्षर वाचत पॉलिसीवरच्या नंबराशी जुळवायचं. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, अलॉय व्हीलचा मिश्रधातू त्याच्याही आधी. त्यामुळे अशा गाड्यांच्या चाकांखाली थिजलेल्या धातूचे चकचकीत ओघळ पडलेले असतात, आणि कोणत्या चाकाखाली जास्त पडलेत त्यावरून आग कुठल्या बाजूला जास्त भडकली, ते समजायला मदत होते.

खरं सांगायचं तर या गाड्यांचा निर्णय सोपा असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरायचं. जळून सांगाडा झालेल्या गाडीत त्यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

रस्त्यावर जो भेटेल तो एकच विचारत होता, ‘दंगलीचं नुकसान इन्शुरन्समध्ये बसतं का हो?’ बसतं. आपल्याकडच्या फुल इन्शुरन्समध्ये, म्हणजे ज्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आहे त्या पॉलिसीत, दंगल आणि संप ही जोखीम नावानिशी छापलेली असते. तिच्या जोडीला खोडसाळपणे केलेलं नुकसान आणि दहशतवादी कृत्य याही वेगळ्या जोखमी आहेत. याचा मोठा आधार होतो. कायद्याने दंगल म्हणायला पाच किंवा जास्त जणांचा बेकायदा जमाव लागतो. पण उद्या कोणी म्हणालं की काच फोडणारे तिघेच होते, तरी क्लेम दुसऱ्या कलमात बसतो. वगळलेलं आहे ते युद्ध, यादवी युद्ध, बंड. रस्त्यावरची दगडफेक आणि जाळपोळ त्यात मोडत नाही.

लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. एक गृहस्थ जळालेल्या गाडीशेजारी कागदांची फाइल घेऊन उभे होते. पॉलिसी चालू, हप्ता वेळेवर भरलेला. मी पाहिलं तर नुसतं थर्ड पार्टी. मोटार वाहन कायद्याने तेवढंच सक्तीचं आहे आणि ते आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यासाठी असतं. आपली गाडी दुसऱ्याने जाळली तर त्यातून काहीच मिळत नाही. कर्ज चालू होतं तोवर बँकेने फुल इन्शुरन्स घ्यायला लावला होता. कर्ज फिटलं आणि त्यांनी तो भाग बंद केला. हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. बँकेचे पैसे अडकलेले असतात तोवर गाडीला पूर्ण संरक्षण, आणि गाडी संपूर्ण आपली झाली की ते काढून टाकायचं. त्यांना मी इतकंच सांगू शकलो की, ‘काका, पंचनाम्यात तुमच्या गाडीचा नंबर बरोबर चढलाय का, ते आधी बघा.’ 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नुकसानीची भरपाई ते करणाऱ्यांकडून आणि त्या कार्यक्रमाच्या आयोजकांकडून वसूल करण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत, पण कुठल्याही वाटेने जायचं म्हटलं तरी कागद लागतोच. अशा वेळी पोलीस बहुधा सगळ्या गाड्या मिळून एकच गुन्हा नोंदवतात आणि गाड्यांची यादी जोडतात. काकांच्या नंबरातला एक आकडा यादीत खरोखरच चुकला होता. हवालदारांना दाखवून तो तिथेच दुरुस्त करून घेतला.

मग ती केस.

गाडी जळालेली नव्हती. टो करून गॅरेजमध्ये आणली होती. पुढची काच फुटलेली, डावीकडच्या दोन्ही काचा गेलेल्या, बोनेटवर आणि छतावर दगडांचे पोचे. आणि इंजिन जाम. मी पोचायच्या आधीच क्लेम विभागातल्या अधिकाऱ्याचा फोन आला होता. काचा आणि पत्रा घ्या, इंजिन वगळा. कारण पॉलिसीच्या अटीत आहे की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची.

गाडीची मालकीण गॅरेजमध्येच थांबली होती. वडिलांचं डायलिसिस आटोपून संध्याकाळी ती त्यांना घरी नेत होती. पुढे जमाव दिसला तेव्हा मागे वळायला जागा नव्हती. दगड सुरू झाले. कोणीतरी लोखंडी बॅरिकेड रस्त्यात आडवं पाडलं, तिने गाडी त्याच्यावरून घातली, खालून मोठा आवाज आला आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागला. ती चालवत राहिली. पुढे इंजिन ठोके द्यायला लागलं, आणि पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर गाडी बंद पडली ती पडलीच.

मला विचारणं भाग होतं. ‘मॅडम, दिवा लागलेला तुम्ही पाहिला होता?’

‘पाहिला होता ना सर. पण मागून माणसं पळत येत होती. बाबांना दोन पावलं भराभर चालता येत नाही. थांबून त्यांना घेऊन मी कुठे जाणार होते?’

गॅरेजवाल्याने मध्येच तोंड घातलं, ‘ताई, दिवा दिसला नाही म्हणा, क्लेम सोपा होईल.’

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘नको. झालं तेच लिहा.’

मी तेच लिहिलं, तिच्याच शब्दांत, खाली तिची सही घेतली. या एका वाक्याने क्लेम अवघड होत होता हे मला दिसत होतं. पण खोट्यावर उभा केलेला क्लेम एका उलटतपासणीत कोसळतो, आणि इथे तर खरंच पुरेसं भक्कम होतं. ते फक्त गोळा करायला हवं होतं.

गाडी लिफ्टवर चढवली. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटून लोंबत होतं. ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं भांडं, पुढच्या कोपऱ्यात आत दबलेला आणि तिथून तडकलेला. तडा बोटाएवढा असेल. त्याच्या कडेत, तेलाने माखलेल्या मातीखाली, पिवळ्या रंगाचे दोन-तीन पापुद्रे रुतलेले होते. बॅरिकेडचा पिवळा. आधी जागेवरच फोटो घेतले, मग चिमट्याने पापुद्रे काढून पाकिटात घातले आणि पाकिटावर गॅरेजवाल्याची सही घेतली.

मग परत त्या रस्त्यावर गेलो. बॅरिकेड कडेला ओढून ठेवलं होतं, पण ते जिथे पडलं होतं तिथे डांबरावर ओरखडे होते, आणि ओरखड्यांपासून काही पावलांवर तेलाचं काळं थारोळं, वर राख बसलेली. तिथून पुढे तेलाचा पट्टा सुरू होत होता. पोलीस ठाण्याच्या दिशेने मी त्याच्या कडेकडेने चालत गेलो. आधी तळहाताएवढा रुंद, मग बोटाएवढा, मग तुटक, मग नुसते थेंब. ठाण्याच्या बरंच अलीकडे थेंबही संपले. म्हणजे तिथून पुढचं अंतर इंजिन जवळजवळ तेलाविना चाललं होतं. बेअरिंगं गेली ती इथे.

हा माग तिच्या विरोधातही वाचता आला असता. तेल संपलेलं, दिवा लागलेला, तरी चालवली. पण माग जिथून जातो तो रस्ताही पाहायला नको का? पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जळालेल्या गाड्या होत्या. सकाळी मीच ज्यांचे चॅसिस नंबर वाचले होते त्याच. थेंब संपले त्या जागेच्याही पुढे एक रिक्षा जळून पडली होती. मी प्रत्येक टप्प्यावर असे फोटो काढले की एकाच चौकटीत जमिनीवर तेल आणि मागे जळालेली गाडी दिसावी. तिने कुठे थांबायला हवं होतं, या प्रश्नाचं उत्तर ज्याला द्यायचं असेल त्याने त्या फोटोंवर बोट ठेवून द्यावं.

नंतर गॅरेजमध्ये माझ्यासमोर इंजिन उघडलं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, त्यावरच्या बिग एंड बेअरिंगचे शेल निळे-काळे पडून सरकलेले, क्रँकवर खोल चरे. तेलाअभावी जाम झालेल्या इंजिनाची खूण. आधीपासूनच्या झिजेचा काही पुरावा नव्हता, हेही मुद्दाम नोंदवलं, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेले आहेत.

रिपोर्टमध्ये दोन मुद्दे मांडले. ज्या अटीवर बोट ठेवलं जात होतं, तिचं आधीचं अर्धं वाक्य असं सांगतं की अपघातानंतर पुढचं नुकसान टळावं म्हणून योग्य ती काळजी न घेता गाडी सोडून जाऊ नये. जमावात गाडी सोडून जाणं म्हणजे ती जाळायला देणं. तिथून बाहेर काढणं हीच काळजी होती. ती तिथेच राहिली असती तर बहुधा मला टोटल लॉस लिहावा लागला असता, आणि कंपनीने तो मुकाट्याने भरलाही असता.

दुसरा मुद्दा निकट कारणाचा, म्हणजे नुकसानीचं खरं, मुख्य कारण कोणतं याचा. विम्याच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक जण ‘इकारिया’ जहाजाचा खटला शिकतो. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, या जहाजाला टॉर्पेडो लागला. ते ल हाव्र बंदरात आणलं, तिथे वादळ आलं, जहाज हलवावं लागलं, ओहोटीला तळाशी टेकत राहिलं आणि अखेर बुडालं. 1918 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की बुडण्याचं कारण टॉर्पेडोच. जहाज त्या धोक्यातून कधी बाहेर पडलंच नव्हतं. त्या पॉलिसीत युद्धाची जोखीम वगळलेली होती, त्यामुळे या तत्त्वावर जिंकली ती विमा कंपनी. कंपनीच्या फायद्याचं असताना जे तत्त्व चालतं, ते विमेदाराच्या बाजूने असतानाही चाललंच पाहिजे. बॅरिकेडने सम्प तडकला त्या क्षणापासून फाटकासमोर गाडी थांबेपर्यंत कारण एकच होतं, दंगल.

अधिकाऱ्याने फोन केला. ‘एवढं कशाला लिहिलंत साहेब? अट स्पष्ट आहे.’ मी म्हणालो, ‘अट पूर्ण वाचून मगच लिहिलंय. तुम्हाला नामंजूर करायचं असेल तर करा, पण लेखी कारण द्या आणि माझे फोटो फाइलला राहू द्या.’ ते माणूस म्हणून वाईट नव्हते. फाइल त्यांनी वर पाठवली, आणि वरून इंजिनासकट मंजूर होऊन आली.

घसारा नियमाप्रमाणे कापला गेला. गाडीला दोन वर्षं होऊन गेलेली, म्हणून धातूच्या भागांवर 15 टक्के, रबर-प्लॅस्टिकवर 50, काचेवर काहीच नाही. मागच्या सीटवरच्या वडिलांच्या औषधांच्या पिशवीचं आणि तिच्या लॅपटॉपचं काही मिळालं नाही; गाडीतलं सामान गाडीच्या विम्यात येत नाही.

तिला राग आला तो एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा, जो हप्त्यात सूट म्हणून मिळतो. दोन वर्षं क्लेम न केल्याचा 25 टक्के बोनस या क्लेममुळे शून्यावर आला. ‘दगड त्यांनी मारले आणि बोनस माझा गेला?’ मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. बोनस जपून चालवल्याबद्दल देतो असं आपण लोकांना सांगतो. मग दंगलीत, पुरात किंवा भूकंपात गेलेल्या गाडीच्या मालकाने काय जपायला हवं होतं? अशा क्लेमना या नियमातून वगळायला हवं, असं मी कंपनीला वेगळ्या पत्राने कळवलं आहे. तोवर ज्यांना परवडेल त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं वाढीव संरक्षण, विचारून घ्यावं. तेलगळतीने गेलेल्या इंजिनासाठी इंजिन प्रोटेक्ट मिळतं, तेही बघावं, आणि दोन्हींच्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात. तिने पुढच्या पॉलिसीत दोन्ही घेतले. माझ्या रिपोर्टची प्रतही मागून घेतली. तो तिचा हक्कच आहे, मागितल्याशिवाय मात्र बहुतेक वेळा कोणी देत नाही.