बाहुल्याचा हात पोचला का?

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी फिक्श्चर (जोडणी करताना भाग जागेवर पक्का धरून ठेवणारी लोखंडी चौकट) बनवायला घेतली, तेव्हा आमच्या ड्रॉइंगमध्ये फक्त लोखंड असायचं. क्लॅम्प, पिन, लोकेटर. समोर माणूस कुठे उभा राहणार, हे कुणी विचारायचं नाही. आम्हीही नाही.

अद्दल घडली ती चाकणच्या एका असेंब्ली लाइनवर. फिक्श्चर मापाला चोख, पण मागचा एक बोल्ट आवळायला हात आत जायचा, नटरनर (बोल्ट आवळायचं यंत्र) जायचा नाही. शिवाय त्या स्टेशनवर मुली होत्या. टॉगल क्लॅम्पचा दांडा धरायला चवड्यांवर उभ्या राहायच्या. तीन फिक्श्चर परत आणली, कापली, पुन्हा वेल्ड केली. टेम्पोभाड्यासकट सगळं आमच्या खिशातून.

धाकट्याने मग डिजिटल मॅनिकिनचं, म्हणजे संगणकातल्या मापाच्या माणसाचं, खूळ घेतलं. लायसन्स परवडणारं नव्हतं, म्हणून एका डिझाइन ऑफिसात तासाच्या दराने काम करून घ्यायचो. शॉपमधली पोरं त्याला बाहुला म्हणतात. या बाहुल्याला कॅडमधल्या (संगणकावरच्या ड्रॉइंगमधल्या) फिक्श्चरसमोर उभं करायचं, हातात नटरनर द्यायचा आणि बघायचं: बोल्ट डोळ्याला दिसतो का, कोपर कुठे अडतं, पाना फिरायला जागा उरते का.

पहिल्या दिवशी सगळं छान पोचत होतं. मला शंका आली. चौकशी केली तर जॅक सॉफ्टवेअरमधला तो बाहुला अमेरिकी लष्कराच्या 1988 च्या मापांचा! अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने 1997 मध्ये भारतीय मापं प्रसिद्ध केली आहेत, ती घातली आणि हात तोकडा पडला. तेव्हापासून पोच बघायला बुटक्या बाईचं माप (पाचवं पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या पाचच जणी त्याहून लहान), आणि आत शिरायची जागा बघायला थोराड पुरुषाचं (पंच्याण्णवावं). चाकणचं ते जुनं स्टेशन हौसेने रूला पद्धतीने (काम करताना अंग किती अवघडतं ते मोजायची पद्धत) तपासलं. तिच्यात 1 ते 7 गुण, जितके जास्त तितकं अंगाला वाईट. आम्हाला 7.

तरी बाहुल्याला घाम येत नाही, की आठव्या तासाला त्याचा खांदा भरून येत नाही. म्हणून डिस्पॅचआधी पॅकिंगच्या मावशींना बोलावतो. आमच्यात सर्वांत बुटक्या त्याच. परवा त्यांनी क्लॅम्प ओढून बघितला. म्हणाल्या, "दादा, हात पोचतोय, पण सोडताना दांडा गालाला लागतोय."

बाहुला आम्ही फक्त क्लॅम्प बंद असताना उभा केला होता. दांडा 40 मिलिमीटरने आखूड केला.