मिसरूड फुटलेला मुलगा

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १६ वर्षांखालील लांब उडीसाठी त्या दिवशी माझ्याकडे सराव करणारी दोन मुले उतरली होती. दोघेही १४ वर्षांचे. अंगाने मोठा त्याला मिसरूड फुटलेले, तर धाकटा दिसणाऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नाही.

मी दर तीन महिन्यांनी मुलांची उभी आणि बसलेली, अशा दोन्ही उंची मोजतो. मुलगे साधारण या वयात सर्वांत झपाट्याने वाढतात, वर्षाला ९-१० सेंटीमीटरपर्यंत, आणि त्यात पाय आधी लांबतात, धड मागून येते. पाय लांबले की फीत लावून बसवलेला रन-अप, म्हणजे उडीआधीची धाव, बिघडतो. १६ पावलांच्या धावेत प्रत्येक पाऊल २ सेंटीमीटरने वाढले तरी शेवटी ३२ सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि उडीची फळी असते अवघी २० सेंटीमीटर रुंद. हे गणित मला तोंडपाठ आहे, तरीही मोठ्याचा मार्क, म्हणजे धाव सुरू करायची खूण, मी दोन महिन्यांपूर्वीचाच ठेवला होता.

पहिल्या संधीत दोघांचाही पाय फळीपुढे पडून फाउल झाला. धाकटा तडक कठड्यापाशी आला. "सर, किती गेला?" मी वीत दाखवली. "वारा पाठीमागून आहे," असे म्हणत त्याने स्वतःच मार्क मागे सरकवला आणि दुसरी उडी बिनचूक मारली. मोठा आमच्याकडे पाठ करून स्पाइक्सची नाडी सोडत आणि बांधत बसला होता. त्याचा दुसराही फाउल झाला, तेव्हा मी ओरडलो, "एवढा मोठा झालास, आता घाबरतोस कशाला?" तिसऱ्या वेळी त्याने फळीच्या हातभर अलीकडूनच उडी घेतली. ती ग्राह्य ठरली, पण तो पहिल्या आठांत आला नाही.

आपल्याकडे निवड करणारे अंगापिंडाकडे पाहून संघ भरतात, आणि पालक गॅलरीतून थोराड मुलाचा जन्मदाखला मागतात. मीही वेगळे काही केले नाही. मिसरूड पाहून समज गृहीत धरली. धाकटा वर्षानुवर्षे थोराड मुलांकडून हरत आला असल्याने चुकल्यावर काय करायचे हे त्याला शोधावेच लागले होते. मोठा बाराव्या वर्षापासून अंगाच्या जोरावर जिंकत आला होता, त्यामुळे तशी वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

सोमवारी सणस मैदानावर फीत लावली, तेव्हा त्याचा मार्क फूटभर मागे गेला. फीत गुंडाळताना त्याने विचारले, "सर, म्हणजे त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो ना?" मी "नाही" म्हणालो. दुसऱ्या फाउलपर्यंत ते खरे होते. तिसऱ्या उडीबद्दल मला तसे म्हणवत नाही.