आमची वाटचाल : जेवायचं असेल तर काल सांगा

काटोल रोडनं कळमेश्वर मागे पडलं की डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो, तिथून आत 4 किलोमीटर. 6 खोल्या, एक जेवणघर आणि मागे 7 एकर वावर, त्यात 4 एकर संत्रा. पाटीवर ‘हॉटेल’ लिहिलंय ते रंगाऱ्यानं 2017 साली स्वतःच्या मनानं लिहिलं म्हणून. आम्ही फक्त खोल्या बांधल्या होत्या, नाव ठरायचंच होतं.

खोल्या बांधायचं कारण संत्राच. दरवर्षी बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला उक्ता द्यायचा, फळगळ झाली की त्यानं भाव पाडायचा आणि आपण मान हलवायची. वर काही झाडांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागला. हे म्हणाले, बगीच्यात लोकांना राहायला आणू. सासरे म्हणाले, “काऊन बापा, नागपूरचे लोकं इथं येऊन काय करतीन?” प्रश्न बरोबर होता. पहिल्या वर्षी कोणी आलंच नाही.

नंतर जे आले त्यांना आम्ही काय वाढलं हे आता सांगायलाही लाज वाटते. पनीर बटर मसाला. पनीर नागपूरहून बर्फात, ग्रेव्हीचं पाकीट, वर फ्रीजमधली कोथिंबीर, आणि ती बाहेर वावरात हातभर वाढलेली असताना! मेनूकार्डावर 64 पदार्थ होते. बुकिंग देणारी एक ऑनलाइन कंपनी दर खोलीमागे इतकं कापून घ्यायची की चादरी धुण्याचा खर्च आम्ही पदरचा घालत होतो.

कार्ड गेलं ते सासूबाईंमुळे. डिसेंबरातली संध्याकाळ, एक कुटुंब न सांगता आलं, पनीर संपलेलं. सासूबाईंनी घरच्यांसाठी टाकलेली सोलेवांग्याची भाजी, भाकरी आणि जवसाची चटणी तीच समोर ठेवली. ओल्या तुरीचे सोले त्याच दुपारी मी आणि जाऊबाईंनी सोलले होते. त्या पाहुण्यांमधले आजोबा चौथ्या भाकरीनंतर गप्प झाले आणि मग म्हणाले, ही भाजी आई गेल्यापासून खाल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी 64 पदार्थांचं कार्ड चुलीत घातलं. लॅमिनेशनचा वास दोन दिवस गेला नाही, ते करू नये.

तेव्हापासूनचा नियम एकच. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत फोन. काय मिळेल ते आम्ही सांगतो, तुम्ही किती माणसं ते सांगा. पावसाळ्याच्या तोंडाशी तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पानं, मग काटवल (कर्टुली), अंबाडी. थंडीत हुरडा, सोले, भरीत, सांभारवडी. (पुण्याकडची माणसं दरवेळी वडीसोबत वाटीत सांबार शोधतात. सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, हे मी आता वाढतानाच सांगते.) उन्हाळ्यात आंब्याचा रस आणि सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया. तरोटा आणि काटवल गावातल्या बाया आणून देतात, मोजमाप वाट्यावर. पहिल्यांदा त्यांना पैसे दिले तेव्हा एकीनं परत केले होते, “तरोट्याचे कोणी पैसे घेते का?” म्हणून. आता त्याच भाव सांगतात आणि मी घासाघीस करत नाही. मिरची भिवापूरची, हळद वायगावची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण आम्ही घेतो ते रंगासाठी. रस्सा लाल दिसला नाही तर नागपूरचा माणूस चमचा खाली ठेवतो.

सगळ्यात जास्त भांडण संत्र्यावरून होतं. जूनमध्ये येऊन लोक रस मागतात. संत्र्याचे बहार, म्हणजे फुलोरे, दोन: आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आसपास सुरू होतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे-जूनला झाडं ताणावर असतात, पाणी तोडलेलं, पानं मरगळलेली. “नागपूरला येऊन संत्रं नाही?” असं म्हणणाऱ्याला आम्ही त्या झाडाखाली नेऊन उभं करतो. काहींना पटतं. एकानं ऑनलाइन एकच तारा दिला.

रोडगे हा आमचा खरा धंदा, आणि खरी डोकेदुखी. गहू जाडसर दळायचा, कणकेत तेलाचं मोहन, ओवा, मीठ. छोट्या पुऱ्या लाटून प्रत्येकीला तेल लावायचं, पाच-सहा एकावर एक ठेवून शेवटच्या पुरीत सगळं बंद करायचं, कवठाएवढा गोळा. तिकडे गोवऱ्या पेटवून ठेवायच्या. धूर पूर्ण जाऊन लाल आर (निखारे) पडेपर्यंत थांबायचं. धूर असताना गोळा टाकला तर तो वास कशानंही निघत नाही. मग आरात गोळे, वरून गरम राख, मधून मधून फिरवायचे, तासभर तरी. काढून फडक्यानं राख झटकायची, मुठीनं फोडायचा, आत पापुद्रे मोकळे झाले की तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. याला घाई चालत नाही, हे आम्ही 60 माणसांच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, शिकलो. फेब्रुवारीतली गारपीट, उघड्यावरची भट्टी विझली, ओल्या गोवऱ्यांवर घाईघाईनं भाजलेले रोडगे आतून कच्चे. मुलीच्या मामांनी एक फोडून माझ्यासमोर धरला. काहीच बोलले नाहीत. आम्ही पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात भट्टीवर टिनाचं शेड घातलं.

मार्च 2020 ला सगळं बंद झालं तेव्हा झाडावर मृगाचं फळ होतं आणि व्यापारी फोन उचलत नव्हता. आम्ही परवानगी काढून पेट्या भरल्या आणि नागपूरच्या सोसायट्यांच्या गेटवर ठेवायला लागलो. त्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरचे लोक पुढे जेवायला आले. जाहिरात अशी आम्ही आजवर केलीच नाही. हिवाळी अधिवेशनात मोठ्या गाड्या येतात, हुरड्याला, पण त्यांनाही आदल्या दिवशीच सांगावं लागतं. एका साहेबांच्या माणसानं “पटकन काही होईल का?” विचारलं, तर सासूबाईंनी त्याला सोले सोलायला बसवलं.

याला ‘स्लो फूड’ म्हणतात हे एका पाहुण्यांनी सांगितलं. 1986 साली रोममध्ये मॅकडोनाल्ड उघडायला विरोध झाला, कार्लो पेत्रिनी त्यात होते, त्यातून ही चळवळ उभी राहिली, वगैरे. मी ते सासूबाईंना समजावलं. “स्लो म्हणजे हळूच न? मी पहाटे साडेचारला उठते ते काय हळू हळू उठते का?” एवढंच त्या म्हणाल्या आणि पाट्यावर चटणीला बसल्या.

आज जेवणघरात 24 माणसं बसतात. तेवढीच घेतो. पंचवीसावं आलं तर स्वयंपाकघरात आमच्यासोबत बसतं, आणि खरं सांगायचं तर तिथली जागा चांगली आहे. दोन खोल्यांचं छत अजून गळतं. मेच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत बंद असतो, 45 अंशात चुलीपुढे कोणाला उभं करायचं? कर्जाचे हप्ते दोन वर्षांचे उरलेत.

फोन लागला नाही तर थोड्या वेळानं परत लावा. रेंज फक्त चिंचेच्या झाडाखाली येते, आणि संध्याकाळी 5 ते 6 मी तिथेच वही घेऊन बसलेली असते.