सोवळ्यानं आखलेला वाडा

मेहकरला शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं आणि पैनगंगेच्या काठाकाठानं आतल्या गावांकडे निघालो. त्यातल्या एका गावात भिक्षुकी घराण्याचा जुना वाडा अजून नांदता आहे. बाहेर वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकलं आणि जीव निवला. पांढऱ्या मातीच्या हातदीड हात रुंद भिंती, वर सागवानी बल्ल्यांवर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत.

ऊन अडवणं हे या घराचं एक काम. बाकी सगळा आराखडा सोवळ्यानं ठरवलेला. ओसरीवर गावातली चार माणसं टेकायची, सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, अंगणातूनच बोलायचा. पुढे चौकात तुळशीवृंदावन, मग माजघर, आणि सगळ्यांत आत देवघराला लागूनच स्वयंपाकघर, कारण शिजलेल्या अन्नाचा पहिला मान नैवेद्याचा. चूल आग्नेयेला. छताशी आडवी दांडी दिसली, तेव्हा घरच्या काकूंनी सांगितलं, "सोवळं काठीनं वाळत घालायचं आन् काठीनंच काढायचं. लेकराचा हात लागला तरी परत धुवा!" विहीर परसात आणि तिथून मागच्या दारानं थेट चुलीपाशी वाट, म्हणजे आंघोळ करून ओलेत्यानं येताना कुणाची शिवाशिव नको.

त्याच परसाच्या कडेला एका झरोक्याची खोली आहे. पाळीचे दिवस बायकांनी तिथं काढायचे. आता तिथं सोयाबीनची पोती आहेत. मी तिथं बराच वेळ उभा होतो. या वाड्याच्या कारागिरीवर माझा जीव आहे. पण ज्यांनी ही माती तुडवली, त्यांतल्या कित्येकांना वास्तुशांतीनंतर चौकातही पाऊल टाकता आलं नसेल, ही गोष्ट मला भिंतींच्या गारव्यातही बोचत राहिली.

माजघर एवढं लांबरुंद का, याचं उत्तर भाद्रपदात मिळतं. ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या पुढच्या दारानं कुंकवाच्या पावलांवरून येतात, कोठीघरासकट सगळं घर पाहतात आणि इथंच बसतात. समोर पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, आणि पंगत.

धाब्यावर पावसाळ्याआधी माती टाकणारे जाणते हात आता मिळत नाहीत, म्हणून घरच्यांनी स्लॅबचं घर बांधायचं ठरवलंय. काकूंनी नकाशा पुढे केला. परसातली खोली त्यात नाही, ते पाहून फार बरं वाटलं. माजघर मात्र तेवढंच्या तेवढं ठेवलंय. महालक्ष्म्यांना जागा कमी पडायला नको, म्हणाल्या.