कंपाउंडबाहेरची रुई

सोसायटीच्या भिंतीबाहेर, फुटपाथला लागून जेमतेम दीड फुटाची मातीची पट्टी आहे. आधी तिथे तो पिवळा ड्युरांटा होता, तो वाळला मग आम्ही दोघातिघांनी कोरांटी, अडुळसा असलं काहीबाही लावलं आणि रुई आपली आपण आली. परवा भर दुपारी किराणा घेऊन येताना बघतो तर रुईच्या पानावर एक अळी आरामात जेवतेय, काळे-पांढरे-पिवळे पट्टे, शाळेच्या मोज्यांसारखी. प्लेन टायगर फुलपाखराची. ज्या चिकाला हात लावला म्हणून आपण लहानपणी ओरडा खायचो तोच चीक पोटात घालून ही कडू होते आणि मग पुढे फुलपाखरू झालं तरी पक्षी वाटेला जात नाहीत.

रुई म्हटलं की मला म्हाताऱ्याच आठवतात. उन्हाळ्यात बोंडं तडकली की माझा भाऊ त्या पकडून वहीत दाबून ठेवायचा, आणि गणिताच्या तासाला वही उघडली की वर्गभर म्हाताऱ्या. मार मात्र दोघांना.

तर तळमजल्यावरचे काका म्हणतात, झाडं कुठायत, नुसतं रान माजलंय. त्यांना फुलपाखरं आवडतात हां, 2015 मधे महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, देशात पहिलं राज्य, हे मला त्यांनीच सांगितलं. पण अळी दिसली की लगेच फवारा. फरशीच्या फटीतली घोळीची भाजी तर ते चपलेने उपटतात. आता डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी घोळीवर वाढते, आणि त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, स्वतः कडू नसताना, म्हणजे रुई आणि घोळ शेजारी असली की असली-नकली दोन्ही एकाच फुटपाथवर. हे काकांना सांगून झालं. ते हं म्हणाले.

शनिवारी मारुतीच्या हाराला रुईची पानं जातात ती वेगळीच, अळ्यांसकट जात असणार. मारुतीला चालत असेल म्हणा.

मग काकूंनी पाटी लावली, ‘फुलपाखरांसाठी राखीव’. आठवड्यात तिच्यावर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, चांगला पट्टीभर लांब. काढायला गेलो तर बांबूला कोष लटकलेला. त्यामुळे वाढदिवस होऊन गेला तरी भाऊ अजून हात जोडून उभे आहेत.