पोटखराबा ‘ब’

नाशिकच्या महापालिकेत नगररचना विभागात उपअभियंता म्हणून काम करीत असताना शेकडो नस्त्या, म्हणजे फायली, माझ्या टेबलावरून गेल्या. त्यांतील एक मात्र मला आजही पानापानाने आठवते. ती २०१९ सालातील होती आणि जमीन पाथर्डी शिवाराच्या बाजूची होती. पांडवलेण्यांच्या डोंगराच्या मागे, जिथे माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत द्राक्षबागा आणि गव्हाची शेते होती, तिथले एकमेकांना लागून असलेले नऊ गट एकत्र करून सुमारे २४ हेक्टरांवर एक संपूर्ण वसाहत उभारण्याचा तो प्रस्ताव होता. काही भागात भूखंड, काही भागात सात आणि बारा मजली इमारती, मध्यभागी बाजार, एका कोपऱ्यात शाळेसाठी जागा आणि सगळी मिळून सुमारे १,८०० घरे असे त्याचे स्वरूप होते.

एवढ्या मोठ्या वसाहतीचा अभिन्यास, म्हणजे ले-आउट, एरवी आयुक्तांच्या अधिकारात, विभागाच्या छाननीनंतर मंजूर होतो. या प्रस्तावात मात्र अर्जदाराने २०१७ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यातील १८ मीटर रुंदीचा एक रस्ता थोडा पूर्वेकडे सरकवून मागितला होता. आराखड्यातील रस्त्याची आखणी बदलायची म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ ची कार्यवाही करावी लागते. तिच्यात आधी महासभेचा ठराव, मग नागरिकांच्या हरकती व सूचना आणि शेवटी शासनाची मंजुरी असा क्रम असतो. त्यामुळे विषय सभागृहापुढे जाणार होता आणि त्यावरची टिप्पणी मी लिहिली होती.

मी कामात कसूर केली नव्हती, असे त्या वेळी मला मनापासून वाटत होते. दर घरामागे पाच माणसे धरली तर ९,००० लोकसंख्या होते, माणशी १३५ लिटर या मानकाने रोज सव्वाबारा लाख लिटरांच्या आसपास पाणी लागते आणि त्याच्या ८० टक्के म्हणजे पावणेदहा लाख लिटर मलजल तयार होते. जलवाहिनी कुठून येईल, मलजलावर प्रक्रिया कुठे होईल, अग्निशमनाचा बंब प्रत्येक इमारतीच्या कोणत्या बाजूने वळेल, १० टक्के खुली जागा खरोखर वापरता येईल अशी आहे की उरलेल्या तुकड्यांची बेरीज आहे, हे सगळे मी तपासले होते. मे महिन्याच्या उन्हात मुख्य रस्त्याच्या बाजूने जाऊन स्थळ पाहणीही केली होती. जमीन सपाट दिसत होती. सोबत जोडलेल्या कंटूर नकाशावर, म्हणजे जमिनीची उंचसखलता दाखविणाऱ्या नकाशावर, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या रेषा दक्षिणेकडे शांतपणे उतरत होत्या आणि पावसाचे पाणी नेण्यासाठी पूर्वेच्या हद्दीलगत ९०० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा पाइप, दाखवला होता. त्यावर विसंबून मी टिप्पणीत लिहिले, ‘जागेत नैसर्गिक प्रवाह आढळून आला नाही.’ हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात होते.

महासभा जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. आदल्या संध्याकाळी त्या प्रभागाच्या नगरसेविकांचा फोन आला. आवाज चढवून बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “मॅडम, तुम्ही त्या जमिनीला मागच्या शिवरस्त्याने गेला होतात का?” मी गेले नव्हते. त्या म्हणाल्या, “सभेच्या आधी जमलं तर एकदा जाऊन या. तिथं नाना भेटतील. मी सांगून ठेवते.”

रात्रभर पाऊस पडला होता. सकाळी साडेसहाला मी शिवरस्त्याच्या तोंडाशी पोहोचले, तेव्हा डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले, सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ काठी टेकून उभे होते. “गाडी इथंच लावा ताई, पुढं गारा आहे,” असे म्हणून ते चालू लागले. शंभर-दीडशे पावलांवर रस्त्याखाली एक जुनी दगडी मोरी होती आणि तिच्यात मीटरभर व्यासाचे दोन पाइप होते. वरच्या अंगाला गुडघाभर गढूळ पाणी तुंबले होते. खालच्या अंगाला, म्हणजे प्रस्तावित वसाहतीच्या बाजूला, दोन्ही पाइपांची तोंडे निम्म्याहून अधिक मुरुमाने बुजलेली होती. त्यांच्या पुढे नाला नव्हता. सपाट मुरुमाची जमीन होती.

“ही मोरी बांधली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो,” नाना म्हणाले. “पाणी नसतं तर सरकारनं उगाच बांधली असती का? तिकडं बाभळीची रांग दिसती ना, तिच्या कडंनं नाला जायचा, थेट वालदेवीला. दोन वर्षांमागं डंपर लागले. गेल्या साली दोन दिवस पाणी माझ्या कांद्याच्या चाळीत उभं होतं.”

बाभळींची ती रांग मला मे महिन्यातही दिसली होती. तिला मी बांध समजले होते.

तिथे उभी असताना मला जे कळले ते माझ्या कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते, म्हणून ते नीट सांगते. कंटूर नकाशा खोटा नव्हता. सर्वेअरने लेव्हल घेतल्या त्या दिवशी जमीन तशीच होती, कारण भराव आधी पडला होता आणि मोजणी नंतर झाली होती. आजची उंचसखलता दाखविणारा नकाशा कितीही अचूक असला, तरी पाणी काल कुठून वाहत होते हे तो सांगू शकत नाही. ते सांगणारी कागदपत्रे वेगळी असतात आणि त्यांतली काही माझ्या नस्तीत पहिल्या दिवसापासून होती.

साडेआठला मी राजीव गांधी भवनात पोहोचले आणि अभिलेखातून जुना गावनकाशा काढून घेतला. त्यावर वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा नाला नऊपैकी तीन गटांतून स्पष्ट काढलेला होता. मग त्या तीन गटांचे सातबारा उतारे समोर ठेवले. पोटखराब्याच्या रकान्यात वर्ग ‘ब’ खाली १८ आर, ११ आर आणि २३ आर अशा नोंदी होत्या. पोटखराब्याचा वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ किंवा इतर कारणाने लागवडीस अयोग्य जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक उपयोगामुळे आकारणीतून वगळलेली जमीन. या नोंदी मी दोन महिन्यांपूर्वी पाहिल्या होत्या, पण क्षेत्राच्या तपशिलात बेरीज जुळवण्यासाठीचा एक आकडा म्हणूनच. ५२ आर म्हणजे ५,२०० चौरस मीटर. गावनकाशावर पट्टी लावून मोजलेली नाल्याची लांबी साधारण ६५० मीटर भरत होती. भागाकार केला तेव्हा रुंदी आठ मीटर आली. नाना काठीने दाखवीत होते ती रुंदी साधारण तेवढीच होती.

पुढचा हिशेब ढोबळ होता, पण पुरेसा होता. मोरीच्या वरच्या अंगाचे पाणलोट क्षेत्र मला १८० हेक्टरांच्या आसपास दिसले. ताशी ६० मिलिमीटर वेगाचा पाऊस धरला आणि त्यातले ३५ टक्के पाणी वाहून येते असे मानले, तर सेकंदाला सुमारे साडेदहा घनमीटर पाणी त्या मोरीकडे येणार होते. हद्दीलगतचा ९०० मिलिमीटरचा पाइप त्या उतारावर पूर्ण भरून वाहिला तरी दीड-पावणेदोन घनमीटरच नेणार होता, आणि तोही वसाहतीचे स्वतःचे पाणी धरून. गोदावरीसारख्या नदीला पूररेषा आखलेल्या असतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा नकाशावर रंगीत दिसत असल्यामुळे सहसा कोणाच्या नजरेतून सुटत नाहीत. अशा ओहोळांना रंगीत रेषा नसते. त्यांची आठवण गावनकाशात, सातबाऱ्यावर आणि शेजारच्या शेतकऱ्यापाशीच असते, आणि शहर वाढत असताना पुसले जातात तेही हेच ओहोळ.

मी वरिष्ठांच्या दालनात जाऊन सांगितले, “साहेब, माझ्या टिप्पणीत चूक आहे.” त्यांनी गावनकाशा आणि अभिन्यास एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिला. नाल्याच्या जागी तीन इमारती, एक विद्युत रोहित्र आणि सरकवून मागितलेला तो १८ मीटरचा रस्ता होता. विकास आराखड्यातील मूळ रस्ता नाल्याला काटकोनात ओलांडत होता; नवा रस्ता नाल्याच्या लांबीवरूनच जात होता. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सभागृहात तुम्हीच सांगा. चूक झाली हेही सांगा.”

विषय दुपारनंतर पुकारला गेला. मी उभी राहून आधी माझे वाक्य वाचून दाखवले, ते चुकीचे असल्याचे सांगितले आणि मग मोरी, पोटखराबा आणि पाण्याचा हिशेब मांडला. एक ज्येष्ठ सदस्य कंटूर नकाशा हातात घेऊन उठले. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारी हजारो कुटुंबे दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना परवडेल अशी घरे होत असतील तर एका बुजलेल्या ओहोळासाठी ती अडवू नयेत, असे ते पोटतिडकीने बोलले. त्यांचे म्हणणे मला आजही अर्धे पटते. शहराला घरे हवीत. २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांवर पोहोचलेले हे शहर त्यानंतर थांबलेले नाही. पण तीच कुटुंबे तळमजल्यावर राहायला आल्यावर, कर्जाचे हप्ते सुरू असताना, पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले असते.

नगरसेविकांनी विचारले, “नाला वळवता येतो का?” हा प्रश्न नेमका होता. मी नियम सांगितला: ठळक काठ नसलेला लहान प्रवाह त्याच जमिनीच्या आत वळवता येतो, त्याला बांधीव आकार देता येतो, मात्र तो जमिनीत जिथून शिरतो आणि जिथून बाहेर पडतो ती दोन ठिकाणे बदलता येत नाहीत. ‘म्हणजे मोरी आहे तिथेच राहणार,’ असे कोणीतरी मागून म्हणाले. चर्चा अर्धा-पाऊण तास चालली आणि सुधारित अहवालासह पुन्हा सादर करावा, असे सांगून पीठासनावरून विषय तहकूब करण्यात आला.

संध्याकाळी आणखी एक काम उरकायचे होते. अभिन्यासाच्या अर्जाचा तो एक्कावन्नावा दिवस होता. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. तो आराखडा नियमांशी पूर्णपणे जुळत असावा लागतो हे खरे, पण असा वाद पुढे वर्षानुवर्षे चालतो. त्रुटींचे पत्र गेले की मुदत अर्जदाराचे उत्तर मिळाल्या दिवसापासून मोजली जाते. पत्र मी स्वतः टंकित करून घेतले आणि आवक-जावक बंद होण्यापूर्वी पाठवले.

४ ऑगस्टच्या रविवारी गोदावरीला मोठा पूर आला. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले हे पाहायला निम्मे शहर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गेले होते. मी पाथर्डीला गेले. शिवरस्त्यावरून पाणी वाहत होते आणि मुरुमाच्या त्या सपाट जमिनीवर तळे झाले होते. रस्त्याच्या कडेला गमबूट घातलेला एक तरुण पाण्यात मोजणीची पट्टी धरून उभा होता. तो अर्जदाराच्या बाजूने नकाशा तयार करणारा वास्तुविशारद होता. आम्ही दोघांनी मिळून मोरीच्या कठड्यावर पाण्याची खूण केली. त्याने वाद घातला नाही. “मॅडम, गावनकाशाची प्रत मला मिळेल का?” एवढेच विचारले.

दिवाळीनंतर नवा आराखडा आला. रस्ता सरकवण्याची मागणी मागे घेतलेली होती आणि मूळ आखणीवर नाला ओलांडण्यासाठी मोठ्या गाळ्यांचा पूल दाखवला होता. तीन इमारती नाल्यावरून हटल्या होत्या आणि आधी कोपऱ्यांत विखुरलेली २.४ हेक्टर खुली जागा आता नियमाप्रमाणे सोडलेल्या अंतराच्या पलीकडे, नाल्याच्या दोन्ही बाजूंना सलग आली होती. घरे सुमारे दीडशेने कमी झाली होती. मला त्या दीडशे घरांचेही वाईट वाटले, हे लिहायला हवे.

जानेवारीत भराव काढायला सुरुवात झाली तेव्हा मी पाहणीला शिवरस्त्यानेच गेले. जेसीबी बाभळींच्या रांगेलगत खणत होता. दोन-अडीच मीटर मुरूम निघाल्यावर खाली काळा गाळ लागला, मग वाळू आणि पाण्याने घासून गुळगुळीत झालेले दगड. नाना खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. मी वर येताच त्यांनी काठीचे टोक एका पसरट दगडावर टेकवले आणि म्हणाले, “पोळ्याला बैल इथंच धुवायचो, ताई.”